माणसांची पोती

भूमला मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा मला खोली द्यायला कुणी तयार होईना. बिनलग्नाचा बाप्या घरात ठेवणं म्हणजे उशाशी विस्तव ठेवणं, असं तिथल्या शहाण्यासुरत्या माणसांचं मत होतं. शेवटी शाळेच्या शिपायानं मला पेठेतल्या एका आडत्याची माडी दाखवली. खाली धान्याची वखार, वर खोली. जिना चढता चढता तो म्हणाला, "जागा लई झ्याक हाय, मास्तर. फकस्त वखारीत सारखं डोकवायचं न्हाई."

"का? काय आहे तिथं?"

"काय न्हाई. मानसं बसल्यात."

असं सांगितल्यावर कुणीही डोकावलंच असतं. मी वळकटी टाकली आणि खाली उतरलो. वखारीत एका अंगाला ज्वारीची थप्पी छतापर्यंत गेली होती. दुसऱ्या अंगाला, जिथं दाराचा उजेड पोचत नव्हता, तिथं भिंतीला टेकवून पोती ठेवली होती. एकावर एक नव्हे, एकेकटी. प्रत्येकाच्या गळ्याला एक चिंधी बांधलेली, कुणाची धोतराची, कुणाची तांबड्या पटक्याची, एक खाकी. सुतकाच्या घरी माणसं बोलत नाहीत, नुसती भिंतीला टेकून असतात, तशी ती पोती जरा पोटात वाकून बसली होती. मी जवळच्या पोत्याला हात लावला. आत धान्य नव्हतं, धोंडे होते.

"ते तलाठ्याचं हाय," मागून हलक्या आवाजात कुणीतरी म्हणालं. "हात लावू नका. त्येला आवडत न्हाई."

हे आमचे घरमालक. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं, मीही म्हणू लागलो. उंच, रुंद हाडाचे, अंगात बंडी, डोक्याला काळी टोपी. बोलणं नेहमी आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं. ते कुणाला 'कसं काय, बरं हाय का' असं विचारत नसत. समोरच्याच्या गळ्याकडं बघत. सदऱ्याची पट्टी आणि गळा यांच्यामध्ये किती फट आहे, ते बघत. मग दंड धरत आणि अंगठ्यानं दाबून सोडून देत. पेठेतून अण्णा येताना दिसले की धट्टेकट्टे गडी उपरणं गळ्याभोवती गुंडाळून घेत आणि पलीकडच्या बोळात शिरत. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, रझाकारांना न भ्यालेली माणसं त्यांत होती. पण अण्णांच्या अंगठ्याला सगळे भीत.

त्या पोत्यांची हकिकत मला त्यांच्या बायकोनं, अक्कांनी सांगितली. अण्णांना एक थोरला भाऊ होता. आडत त्याचीच. वखारीच्या तुळईला टांगलेला तो भलामोठा काटा त्यानंच आणलेला, साखळ्यांची लाकडी पारडी, एकेकात पुरतं पोतं मावेल अशी. हा भाऊ वर्षा-दोन वर्षांत वाळत वाळत गेला. कुणाच्या ध्यानातच आलं नाही. रोज बघणाऱ्याला कुठं दिसतं? एक त्याच्या बायकोला कळलं होतं. तिनं त्याच्या बंडीची शिवण एकदा आत घेतली, मग दुसऱ्यांदा घेतली, आणि गप्प बसली. नवऱ्याला 'तुम्ही वाळलात' म्हणायचं म्हणजे अभद्र बोलायचं. एका बाजारच्या दिवशी काट्यापाशीच तो खाली बसला तो उठला नाही. मुलखातली ज्वारी तोलणारा माणूस, त्याला उचलताना खांदेकऱ्यांना वजनच लागलं नाही.

अण्णा स्वतः याबद्दल एवढंच म्हणत, "बाजारातलं समदं तोललं. भावाला तोलायचं ऱ्हायलं."

काट्याशेजारी खुंटीवर एक रिकामं पोतं घडी करून ठेवलेलं असे. ते भावाचं. "त्येचं वजन मला ठावं न्हाई," अण्णा म्हणत, "म्हून रिकामं."

खंडेनवमीला लोक आपापल्या हत्यारांची पूजा करतात. शेतकरी औताची, सुतार वाकसाची, मी पुस्तकांची. अण्णा काट्याची करत. काट्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, त्या रिकाम्या पोत्यालाही एक फूल. आणि पूजा झाली की माणसांची तोलणी सुरू होई. नवा माणूस आला की अण्णा त्याला उपाशीपोटी एका पारड्यात बसवत, पायताण, पटका, बंडी, पानाची चंची सगळं काढून. दुसऱ्या पारड्यात नदीतले धोंडे टाकत. दांडी सरळ झाली की त्या धोंड्यांना गेरूचा ठिपका लावून पोत्यात भरत, आणि त्या माणसाच्याच जुन्या कापडाची चिंधी फाडून गळ्याला बांधत. झालं त्याचं पोतं. पुढच्या नवमीला तो एका पारड्यात, त्याचं पोतं दुसऱ्यात.

दांडी सरळ राहिली तर अण्णा म्हणत, "जाग्यावर हाय." बस्स, एवढंच. तो माणूस उतरून बंडी घालत असे आणि बाहेर त्याची बायको देवाला हात जोडत असे. गड्यांना दंडाला धरून वखारीच्या उंबऱ्यापर्यंत आणायच्या त्या बायकाच. उंबरा मात्र ओलांडायच्या नाहीत. ओलांडू नये असं होतं.

पण माणसाचं पारडं वर गेलं, तर अण्णा काही बोलत नसत. साखळी तेवढी कुरकुरत राही. मग अण्णा त्याच्या खांद्यावर हात ठेवत आणि म्हणत, "सोनं वाटून झालं की सकाळची पयली गाडी. दवाखान्यात जायचं. म्या संगं येतो." दसऱ्याचं सोनं वाटून झालं की अण्णा खरोखरच त्याला घेऊन बार्शीच्या गाडीत बसत. डॉक्टर तपासेपर्यंत दाराशी उभे राहत.

एकदा मी त्यांना म्हटलं, "अण्णा, लोकांना भीती वाटते."

"मला न्हाई वाटत?" ते म्हणाले. "बैल घेताना आमी जबडा उघडून बघताव, चार पावलं चालवून बघताव. सवताचं कोन बघनार? बायकू बघती, पर बोलत न्हाई. धोंडा बोलतो. धोंड्याला भीडमुर्वत न्हाई."

आता गंमत अशी की पहिल्या काही वर्षांत त्यांनी ज्यांना गाडीत बसवलं, त्यांतले बहुतेक गेले. जाणारच. वाळून काडी झाल्यावर आलेले ते, डॉक्टर तरी काय करणार? पण गावानं त्याचा अर्थ वेगळाच लावला. अण्णा माणसाचा जीव पोत्यात कोंडतात आणि पारडं वर गेलं की चिठ्ठी फाटली. औषध लागू पडून हिंडूफिरू लागलेले तेली, दर्जी डोळ्यांसमोर होते. त्यांचं नाव कुणी काढत नसे. माणसाला वाचलेल्याची आठवण राहत नाही, गेलेल्याची राहते.

त्यातून तालमीच्या वस्तादाचं प्रकरण झालं. असा देह मी पुन्हा पाहिला नाही. तालीम झाली की हा गडी घागरीला तोंड लावून पाणी प्यायचा, रात्रंदिवस प्यायचा, आणि पोरं कौतुकानं बघत बसायची. नवमीला तो पारड्यात बसला आणि सरळ वर गेला. लोक मागं सरकले. वस्ताद मात्र मोठ्यानं हसला. "अण्णा, काटा मोडलाय तुमचा!"

"काटा बरूबर हाय, वस्ताद. सकाळची गाडी."

"गाडी मला कशाला? ह्ये बघा!" असं म्हणून त्यानं उडी मारली, आपलं पोतं उचललं, खांद्यावर घेतलं आणि वखारीत एक फेरी मारली. लोक वाहवा करू लागले. मला ते बघवेना. माणूस स्वतःलाच खांद्यावर घेऊन चालला होता. तो गाडीत बसला नाही. पुढं पायाला काहीसं लागलं, ती जखम भरेना, पाय काळा पडला. शेवटी बार्शीला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, साखरेचा आजार फार जुना आहे. होळीच्या आत वस्ताद गेला.

माणूस गेला की त्याचं पोतं अण्णा नदीत रिकामं करत. गाडीत घालून स्वतः नेत, आणि तेही टळटळीत दुपारी, जेव्हा नदीच्या वाळूत चिटपाखरू नसतं. हमाल लांब उभा राही. वस्तादाचे धोंडे मी माडीच्या खिडकीतून जाताना पाहिले. पुढं कधी नदीकडं गेलो की गेरूचे ठिपके असलेले ढीग दिसायचे. त्यांच्यावर बायका धुणं आपटत नसत, पोरं बसत नसत. वस्तादाला जाळलं तेव्हा नुसता हाडांचा सापळा उरला होता. नदीत मात्र तो आपल्या पुऱ्या अंगानं पडलेला होता.

हे सगळं ठाऊक असून मी माझंही पोतं भरून घेतलं. नव्या रक्ताची घमेंड, दुसरं काय. धोंडे नदीतूनच आले होते. एक-दोहोंवर पुसट तांबूस डाग होता. मी विचारलं, "अण्णा, हा आधी कुणाचा?"

"असंल कुनाचा तरी," अण्णा म्हणाले. "आता तुमचा."

पोतं त्यांनी नेमकं माझ्या खाटेखाली येईल अशा जागी ठेवलं. मी वर निजत होतो आणि खाली मी बसलेला होतो. माडीच्या फळ्यांना फटी होत्या. पहिले काही महिने मी त्या फटींवर सतरंजी टाकून ठेवली होती. मग सवय झाली. सवय कशाचीही होते.

पुढं सरकारनं जुने शेर-मण काढून किलोची वजनं आणली आणि एक वजनमाप इन्स्पेक्टर आडतीवर तपासणीला आला. तेव्हा कचेरीतला कागद मराठीत आला होता, पण साहेबलोकांच्या जिभेवर अजून उर्दू होती. त्यानं जुनी वजनं जप्त केली, पोत्यांकडं छडी दाखवली आणि दरडावलं, "इसमें क्या माल है?"

"मानसं हायेत, साहेब."

इन्स्पेक्टरनं एक पोतं सोडून बघितलं, पुन्हा बांधलं आणि अण्णांकडून सगळी हकिकत ऐकून घेतली. मग हळूच, मराठीत म्हणाला, "हे माप कायद्यात बसत नाही."

"कायदा बदलंल, साहेब. धोंडा न्हाई बदलत."

त्या गृहस्थानं जाताना आपलं पोतं भरून दिलं! ती खाकी चिंधी वेगळी, ती फौजदाराची, याची निळी. पुढं त्याची बदली उमरग्याकडं झाली तरी दर नवमीला तो दिवसभर एस.टी.त धक्के खात येई, पारड्यात डोळे मिटून बसे, 'जाग्यावर हाय' ऐके आणि परत जाई. हसून म्हणायचा, "आता ऐकल्याशिवाय वर्ष सुरूच झाल्यासारखं वाटत नाही."

आता परसातल्या देवांचं सांगतो.

न्हाणीमागं भिंतीच्या कडेला मला एका वर्षी चार-पाच धोंडे ओळीनं मांडलेले दिसले. गेरूचे ठिपके असलेले. मला वाटलं, कुणाचे उरले असतील. पुढच्या वर्षी ओळ लांबली. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. दूध घालणारी म्हातारी येता-जाता त्यांच्या पाया पडू लागली, कुणीतरी एकदा कण्हेरीचं फूल वाहिलं. पण मी तिथं तोंड धुवायला उभा राहिलो की अंगावर काटा यायचा. गेरूचा ठिपका असलेला धोंडा पोत्यातून किंवा नदीतूनच येतो. मेलेल्याचा असता तर नदीत असता. म्हणजे हे जिवंत माणसाचे. कुणीतरी जिवंत माणूस पोत्यातून थोडा थोडा बाहेर येत होता.

त्या वर्षीच्या नवरात्रात मी तापानं शाळेत गेलो नव्हतो. अष्टमीची दुपार. पेठ निपचित पडली होती. खाली वखारीत खट् असा आवाज झाला. धोंड्यावर धोंडा. मग खोकला, अण्णांचा. मग पुन्हा खट्. त्या खोकल्याकडं आम्ही कुणी कधी लक्ष दिलं नव्हतं. आडतीवर सगळेच खोकतात, भुसकट नाकातोंडात जातं. मी सतरंजी बाजूला केली आणि फटीला डोळा लावला.

अण्णा एका पोत्यापुढं मांडी घालून बसले होते. पोत्याचं तोंड उघडं होतं. त्यांनी एक धोंडा काढला, तळहातावर तोलला, मांडीजवळ ठेवला. मग आणखी एक. शेजाऱ्याशी बोलावं तसं ते पोत्याशी काहीतरी पुटपुटत होते. मग तोंड बांधून ते धोंडे उपरण्यात घेऊन परसाकडं गेले. पोत्याच्या गळ्याला काळी चिंधी होती, जुन्या टोपीची. अण्णांची दर वर्षीची तोलणी मला आठवली. ती सगळ्यांच्या आधी, पहाटे, दार लावून होत असे. दार उघडलं की ते स्वतःच सांगत, "आमचं झालं."

जिना उतरून मी ओसरीवर आलो. अक्का सुईदोरा घेऊन बसल्या होत्या. मांडीवर अण्णांची बंडी होती.

"अक्का," मी म्हटलं, "परसात ते धोंडे..."

"मला ठावं हाय, मास्तर." त्यांनी बंडी माझ्यापुढं धरली. आत एकीशेजारी एक शिवणी गेल्या होत्या. "कितींदा आत घिऊ? थोरल्या जाऊबाईंनी असंच क्येलं. शिवत ऱ्हायल्या, बोलल्या न्हाईत. म्या रोज रातच्याला ह्यांच्या पाटीवर हात ठिवते, हाडं लागत्यात. काय म्हनलं की म्हनत्यात, उन्हाळ्यानं उतरलो. आता बारा महिने उन्हाळा असतो व्हय?"

"त्यांना सरळ सांगू या."

"सांगून ऐकनारा मानूस हाय का त्यो? त्येंनीच म्हनलंय, धोंडा बोलतो." अक्कांनी दोरा दातानं तोडला. "ते परसातलं द्येव उचला, मास्तर. पोत्यात घाला. समदे."

अण्णा झेंडू आणायला बाजारात गेले तेव्हा मी ते काम केलं. एकेक धोंडा आत पडताना पोतं भरून सरळ होत गेलं, आणि मला वाटलं, थोड्या वेळापूर्वी इथं कुणी आजारी बसलं होतं, आता धडधाकट माणूस बसलाय.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा वखार उघडायला गेले तर दारात अक्का उभ्या होत्या. पूजेआधी कुणी आत जायचं नाही, म्हणाल्या, आज आरती माझ्या हातची. अण्णांची बंद दाराआडची तोलणी राहून गेली. लोक जमले, पूजा झाली. इन्स्पेक्टर उमरग्याहून आले होते, तलाठी होता, गाडीतून उतरलेले तेली, दर्जी होते. अण्णांनी पहिल्या माणसाला बोलावलं आणि अक्कांनी हातात आरतीचं ताट घेऊन वखारीचा उंबरा ओलांडला.

"आदी तुमी बसा," त्या म्हणाल्या.

"आमचं मागनं. आदी गावाचं."

"गावाचं रोज हाय. तुमी बसा."

मग इन्स्पेक्टर म्हणाले, "बसा अण्णा. सरकारी हुकूम समजा." सगळे हसले. अण्णाही हसले, कारण त्यांना काही धोका दिसत नव्हता. कालच तर त्यांनी धोंडे काढले होते. टोपी काढून, बंडी काढून ते पारड्यात बसले. उघड्या अंगानं त्यांना आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं. हसू तिथंच थांबलं.

हमालानं काळ्या चिंधीचं पोतं दुसऱ्या पारड्यात ठेवलं.

अण्णा वर गेले. थांबतील असं वाटलं तिथं थांबले नाहीत. पोतं जमिनीला टेकलं तरी साखळी कुरकुरत होती. ते आमच्या छातीच्या उंचीला लटकत राहिले, मांडी घातलेले, बरगड्या मोजता याव्यात असे. त्यांनी डोळे उघडले. आधी पोत्याकडं पाहिलं, मग खुंटीवरच्या रिकाम्या पोत्याकडं. आता कुणीतरी बोलायला हवं होतं. पण अशा वेळी बोलणारा माणूस वर लटकला होता. दाराशी उजेड होता आणि मागं अंधारात आमची सगळ्यांची पोती बसून बघत होती. जिवंत माणसं जास्त होती की पोती, असा मला क्षणभर प्रश्न पडला.

अक्कांनी ताट खाली ठेवलं. पुढं होऊन नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सोनं वाटून झालं की सकाळची पयली गाडी," त्या म्हणाल्या. "म्या संगं येते."

अण्णा म्हणाले, "भ्या वाटलं गं."

"वाटंल. गाडीत बसून वाटू द्या."

बार्शीला छातीचा फोटो काढला, क्षय निघाला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक वर्ष धोंडे काढले असते तर मी काही करू शकलो नसतो. क्षयाच्या दवाखान्यात अण्णा कितीतरी महिने होते. सुया, गोळ्या, अंडी. अंड्यांचं नाव काढल्यावर शाकाहारी घरात काय झालं असेल ते मी सांगत नाही. पुढच्या नवमीला ते वखारीत आले, पारड्यात बसले आणि वरच गेले, पण कमी. दांडी सरळ करायला धोंडे काढावेत म्हणून हमालानं सवयीनं पोत्याच्या गाठीला हात घातला तेव्हा अक्कांनी नुसतं त्याच्याकडं पाहिलं. त्या वर्षी पेठेतले असे गडी काट्यावर आले, जे वस्तादानंतर अण्णांची सावली चुकवत होते. ते म्हणत, "जो दुसऱ्याला कोंडतो त्यो सवता असा वर जात नसतोय." गावाचं तर्कशास्त्र. पण आले.

त्याच्या पुढच्या वर्षी माझी बदली ठरली होती. ती नवमी माझी तिथली शेवटची. अण्णा पारड्यात बसले आणि त्यांनी डोळे घट्ट मिटले. हमालानं काळ्या चिंधीचं पोतं ठेवलं, तेच, गच्च भरलेलं. दांडी जरा इकडं झुकली, जरा तिकडं झुकली, आणि सरळ झाली.

अण्णांचे डोळे मिटलेलेच होते. साऱ्या गावाला ते दोन शब्द सांगणाऱ्या माणसाला ते आजवर कुणी म्हटले नव्हते. इन्स्पेक्टर माझ्याकडं बघू लागले, मी त्यांच्याकडं.

"जाग्यावर हायती," अक्का म्हणाल्या.

अण्णांनी साखळी दोन्ही हातांनी धरली. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि डोळे उघडायला ते तयार नव्हते.

"पुना म्हन," ते म्हणाले.